मंद विषाचा हिशेब

कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची कीडनाशकाची कोणतीही बाटली उचलून पाहिली, तर तिच्या वेष्टनावर टोकावर उभा केलेला एक चौकोन दिसतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला, म्हणजे एका त्रिकोणाला, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी, हे आता निरक्षर शेतमजुरालाही ऐकून माहीत झाले आहे. परंतु हा रंग ठरतो कसा, हे साक्षरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी ज्या एका मात्रेने मरतात, ती मात्रा प्राण्याच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम आहे, हे काढायचे. पोटात दिलेली ही मात्रा पन्नासपर्यंत असली तर लाल त्रिकोण, पाच हजारांच्या वर गेली तर हिरवा. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी घालून दिलेली ही पद्धत आहे.

या मापाचा धाक काय आणि मर्यादा काय, हे पाहण्यासाठी एका बुरशीनाशकाची हकीकत येथे मांडायची आहे. ते आज जगभर निषिद्ध आहे. या मापाने मोजले असते तर त्याला हिरवा त्रिकोण मिळाला असता.

या द्रव्याचे नाव हेक्झाक्लोरोबेंझिन. नावाचा एक घोटाळा आधीच निस्तरला पाहिजे. आपल्या खेड्यांतून जी ‘बीएचसी पावडर’ पोत्यांनी विकली जात असे, ती बेंझिन हेक्झाक्लोराइड. तो कीटकनाशकाचा वेगळा पदार्थ असून त्याच्यावर भारतात १९९७ साली बंदी आली. दोन्ही नावांत तेच शब्द मागेपुढे झाल्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. बीएचसीच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि क्लोरिन यांचे प्रत्येकी सहा अणू असतात. हेक्झाक्लोरोबेंझिनमध्ये हायड्रोजन मुळीच नाही. बेंझिनच्या सहा कार्बन अणूंच्या कड्यावरील सहाही हायड्रोजन काढून त्यांच्या जागी क्लोरिन बसवला की हा पांढरा, स्फटिकरूप पदार्थ तयार होतो.

सहाही जागा क्लोरिनने अडवल्यामुळे या रेणूला कोठून हात घालावा, हे मातीतल्या जिवाणूंना आणि आपल्या यकृताला सहसा साधत नाही. तो २३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पण तत्पूर्वीच, साध्या तपमानालाही, त्याची थोडथोडी वाफ होत राहते. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही; हजार लिटर पाणी घेतले तर त्यात पाच-सहा मिलिग्रॅम विरघळेल, अधिक नाही. चरबीचे मात्र तसे नाही. पाणी आणि स्निग्ध द्रव्य शेजारी ठेवले तर पाण्याच्या काही लाख पट प्रमाणात तो स्निग्ध भागात जाऊन बसतो. मातीत गेलेल्या साठ्यापैकी निम्मा नाहीसा व्हायला तीन ते सहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. टिकाऊपणा, अल्पशी बाष्पशीलता आणि चरबीची ओढ एवढे तीन गुण लक्षात ठेवले की पुढची सगळी कथा समजते.

बाजाराने या तिन्हींपैकी पहिले दोन गुण हेरले. गव्हाला काणीच्या जातीचा एक रोग होतो. ओंबी वरून धडधाकट दिसते, पण दाण्याच्या आत काळी भुकटी भरलेली असते आणि तिला सडक्या मासळीसारखी घाण येते. या बुरशीचे बीजाणू बियाण्याला चिकटून शेतात जातात. बियाण्याला हेक्झाक्लोरोबेंझिनची पूड चोळली की तिची वाफ दाण्याभोवतीच्या मातीत राहते आणि बीजाणू रुजूच देत नाही. १९४५ साली हे औषध बाजारात आले. त्याआधी याच कामासाठी पाऱ्याची जहाल संयुगे वापरात होती. त्यांच्या तुलनेत हे नवे औषध अगदी सौम्य वाटले, आणि वाटणे स्वाभाविकही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याची उंदरांसाठीची प्राणघातक मात्रा दर किलोमागे दहा हजार मिलिग्रॅम दिलेली आहे. स्वयंपाकघरातले मीठदेखील उंदराला याच्या निम्म्याहून कमी मात्रेत मारते.

आता तुर्कस्तानात जाऊ. त्या देशाच्या आग्नेय भागात दियारबाकर, मार्दिन, उर्फा हे प्रांत आहेत. वस्ती बहुतांशी कुर्द, शेती कोरडवाहू आणि गरिबी पिढीजात. १९५०नंतरच्या दशकात शासनाने तेथे गव्हाचे बियाणे वाटले. हजार किलो गव्हाला दहा टक्के हेक्झाक्लोरोबेंझिन असलेली दोन किलो पूड, असे बीजप्रक्रियेचे प्रमाण होते. धान्याची टंचाई पडली तेव्हा लोकांनी तो गहू दळला आणि त्याच्या भाकऱ्या केल्या. १९५५पासून दवाखान्यांत विचित्र रोगी येऊ लागले. मुले उन्हात गेली की त्यांच्या हातांवर आणि तोंडावर फोड येत, फोड फुटून व्रण पडत, व्रण भरले की कातडी काळी पडे. अंगावर आणि चेहऱ्यावर दाट केस उगवत. लघवीचा रंग गडद लाल होई. रोगी बहुतेक चार ते चौदा वर्षांच्या वयाचे. लोकांनी या रोगाला ‘काळा व्रण’ अशा अर्थाचे नाव दिले. केसाळ झालेल्या मुलांना माकडाची उपमा मिळाली आणि ती त्यांना आयुष्यभर चिकटली.

आपल्या रक्तातील लाल द्रव्य तयार होण्याच्या साखळीत अनेक विकरे काम करतात. त्यांपैकी यकृतातील एक विकर हे द्रव्य निकामी करते. साखळी मध्येच तुटली की अर्धवट बनलेली रंगद्रव्ये शरीरात साठतात, काही लघवीवाटे जातात, काही त्वचेत उतरतात आणि सूर्यप्रकाश पडताच ती त्वचा जाळतात. डॉ. जिहाद चाम यांच्यासारख्या स्थानिक त्वचारोगतज्ज्ञांनी हे रोगी तपासले आणि गव्हावर बोट ठेवले. १९५९ साली शासनाने या औषधाचा वापर थांबवला. १९६१मध्ये उंदरांना हेच द्रव्य अन्नातून थोडेथोडे रोज देऊन तोच रोग उत्पन्न करण्यात आला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. तोवर तीन हजारांवर माणसे बाधित झाली होती आणि त्यांच्यातील सुमारे दहा टक्के दगावली होती.

सर्वांत भयंकर भाग पुढे आहे. ज्या आयांनी ही भाकरी खाल्ली, त्यांची अंगावर पिणारी मुले निराळ्याच तऱ्हेने आजारी पडली. अंगावर गुलाबी चट्टे, ताप, अशक्तपणा, झटके आणि मृत्यू. अशा बालकांपैकी शंभरात पंचाण्णव दगावली, असे नंतरच्या वैद्यकीय वृत्तांतांत नमूद आहे. काही गावांत दोन ते पाच वर्षांच्या वयाचे एकही मूल उरले नव्हते. चरबीची ओढ असलेला रेणू आईच्या दुधात उतरला होता, आणि आईचे शरीर आपले विष ज्या एका वाटेने बाहेर टाकू शकत होते ती वाट मुलाच्या तोंडात जात होती. वीस-पंचवीस वर्षांनी, १९८०च्या आगेमागे, याच स्त्रियांपैकी काहींचे दूध तपासले तेव्हा त्यात या द्रव्याचे प्रमाण बाधा न झालेल्या स्त्रियांच्या सुमारे सात पट निघाले.

अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला आकडेमोडीची खोड असते, ती येथे उपयोगी पडेल. हजार किलोला दोन किलो पूड, तीत दहावा हिस्सा औषध. म्हणजे एक किलो गव्हात दोनशे मिलिग्रॅम. दिवसाला अर्धा किलो गहू खाणाऱ्याच्या पोटात रोज शंभर मिलिग्रॅम गेले. पन्नास किलो वजनाच्या माणसाने उंदरांवरची ती ‘प्राणघातक मात्रा’ गाठायची ठरवली असती, तर त्याला एका बैठकीत अडीच हजार किलो गहू खावा लागला असता. मापाच्या हिशेबाने हा गहू निर्धोक होता, आणि रोज शंभर मिलिग्रॅमने गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. एका दिवसात मारणारे विष मोजायला ते माप योग्य आहे. जे विष चरबीत साठून महिनोन्‌महिने राहते आणि पुढच्या पिढीत जाते, त्याच्यासाठी ते माप आंधळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आपल्या वर्गीकरणात या द्रव्याला, दहा हजारांचा आकडा समोर असतानाही, सर्वाधिक घातक अशा वर्गात घातले. त्याचे कारण तुर्कस्तानातील माणसे. तो आकडा चुकीचा होता असे नव्हे. विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

या संबंधात १९७१-७२ सालच्या इराकची आठवण होते. तेथे विष वेगळे होते, पाऱ्याचे. परदेशातून आलेल्या गव्हाच्या आणि जवाच्या बियाण्याला ते लावलेले होते. पोत्यांवरच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजी भाषांत होत्या. पुष्कळ ठिकाणी ते बियाणे पेरणी उलटून गेल्यावर पोचले. शेतकऱ्यांनी गव्हाचा लाल रंग धुऊन काढला आणि रंगाबरोबर विषही गेले अशी समजूत करून घेतली. काहींनी खबरदारी म्हणून तो गहू आधी कोंबड्यांना घातला. काही दिवस कोंबड्यांना काहीच झाले नाही, तेव्हा घरात भाकरी भाजली. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ मरण पावली. त्या शेतकऱ्यांच्या अडाणीपणाबद्दल नंतर पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला त्यांत अडाणीपणा दिसत नाही. जनावराला खाऊ घालून ते मरते का, हे पाहण्याची त्यांची रीत आणि प्रयोगशाळेची एका मात्रेची रीत मुळात एकच आहे. दोन्ही रीती एकाच ठिकाणी फसल्या.

अशा प्रत्येक घटनेनंतर उत्पादक, तज्ज्ञ आणि अधिकारी यांच्या तोंडी एक शब्द येतो: गैरवापर. औषध बियाण्यासाठी होते, लोकांनी ते खाल्ले, त्याला कोण काय करणार? बियाणे वेगळे आणि अन्न वेगळे ही विभागणी ज्याच्या घरात वर्षाचे धान्य आहे त्याची असते. प्रस्तुत लेखकाचे बालपण तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावात गेले. १९७२च्या दुष्काळात आमच्या घरची बियाण्याच्या जोंधळ्याची कणगी फोडावी लागली. त्या जोंधळ्याला राख आणि कडुलिंबाचा पाला लावलेला होता. आईने तो पाखडला, दोन पाण्यांनी धुतला, वाळवला आणि दळायला घेतला. बियाणे खाणे हे घरातल्या मोठ्यांना किती लाजिरवाणे वाटत होते, हे आजही आठवते. परंतु कोणी त्याला गैरवापर म्हटल्याचे आठवत नाही. कणगीत राखेऐवजी हेक्झाक्लोरोबेंझिन असते, तर धुण्याने काही साधले नसते, कारण ते पाण्यात विरघळतच नाही. जे औषध धान्याला चोळायचे, ते उपाशी माणसाच्या पोटात जाणार हे गृहीत धरूनच त्याला परवानगी द्यावी किंवा नाकारावी, एवढी साधी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

आपला कायदाही एका धान्य-विषबाधेतूनच जन्माला आला. १९५८च्या एप्रिल-मेमध्ये केरळात आणि मद्रास राज्यात शंभरावर माणसे मेली. मुंबईहून जहाजाने निघालेल्या गव्हाच्या पिठाच्या पोत्यांवर त्याच जहाजातील पॅराथिऑन सांडले होते. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली, १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१मध्ये तो अमलात आला. पॅराथिऑन काही तासांत मारते. त्या धक्क्यातून उभा राहिलेला कायदा शीघ्र विषावर नजर रोखून बसला, हे समजण्याजोगे आहे. नोंदणीच्या वेळी दीर्घकालीन परिणामांचे अहवाल मागितले जातात हे खरे. पण ते कंपनीने सादर केलेले असतात, आणि शेतकऱ्याच्या हाती जो येतो तो अखेर त्रिकोणच. त्या वेळी त्रिकोण योग्य होता. पन्नास वर्षे उलटल्यावरही तोच पुरेसा मानणे योग्य नव्हे. बरे, शीघ्र विषाच्या बाबतीत तरी तो पुरला का? २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. फवारणाऱ्याच्या अंगात धड सदरा नव्हता. बाटलीवर मात्र हातमोजे आणि मुखवटा वापरण्याची सूचना छापलेली होती.

के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. उद्योग आपल्या खर्चाचा जो हिस्सा हिशेबाच्या वहीत लिहीत नाही, तो नाहीसा होत नसून हवा, पाणी आणि दुर्बळांची शरीरे यांच्या नावे टाकला जातो, असे त्याचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. हेक्झाक्लोरोबेंझिन हे त्याचे चपखल उदाहरण आहे. कारखान्यात तयार झालेली पूड राष्ट्रीय उत्पन्नात धरली गेली, तिने वाचवलेला गहू धरला गेला, पुढे रोग्यांवर झालेला औषधोपचारही धरला गेला. आईचे दूध मात्र कोणत्याच देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही, आणि म्हणून ते नासल्याचा तोटा कोठेच लिहिला गेला नाही. येथे समाजवादी वाचकांसाठी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. तुर्कस्तानात ते बियाणे नफेखोर व्यापाऱ्याने नव्हे, शासनाने वाटले होते. मालकी सार्वजनिक झाली म्हणजे हिशेब आपोआप खरा होतो, असे नाही.

शेतीतला वापर थांबला म्हणजे प्रश्न संपला, असेही या पदार्थाच्या बाबतीत झाले नाही. अमेरिकेत बुरशीनाशक म्हणून त्याची नोंदणी १९८४मध्ये रद्द झाली. परंतु कार्बन टेट्राक्लोराइड, परक्लोरोइथिलीन यांसारखी क्लोरिनयुक्त द्रावणे बनवताना तो गाळ म्हणून आपोआप निर्माण होतो. सिडनीजवळ बॉटनी येथील एका रसायन कारखान्यात असा दहा हजार टनांहून अधिक कचरा पिंपांत भरून राहिला होता. तेथे उत्पादन १९९१मध्ये बंद झाले. कचरा मात्र कोणाला नको होता. तो जाळण्यासाठी जर्मनीला पाठवायचा बेत तिकडच्या विरोधामुळे फसला, नंतर डेन्मार्कचा बेत २०१०मध्ये फसला. ऑस्ट्रियात २०१४ साली करिंथिया प्रांतातील एका खोऱ्यात गाईंच्या दुधात हेच द्रव्य सापडले. जुना दूषित चुना सिमेंटच्या भट्टीत घातला गेला होता आणि भट्टीने तो पुरता जाळला नव्हता. वाफ होऊन उडायचे, थंड प्रदेशात पुन्हा खाली बसायचे, या त्याच्या स्वभावामुळे, जेथे कधी गव्हाचा दाणा पेरला गेला नाही त्या उत्तर ध्रुवाकडील लोकांच्या अंगातही तो आढळतो.

स्टॉकहोम करार २००१ साली झाला आणि २००४मध्ये अमलात आला. त्याने सुरुवातीलाच निषिद्ध ठरवलेल्या बारा द्रव्यांत हे एक आहे. जाणूनबुजून केलेले उत्पादन थांबवायचे आणि नकळत होणारे कमी करत न्यायचे, अशी दोन्ही बंधने त्याला लागू आहेत. भारताने या कराराला जानेवारी २००६मध्ये मान्यता दिली. त्याआधी १९८९ साली आपल्याकडे पेंटाक्लोरोनायट्रोबेंझिन या बुरशीनाशकावर बंदी आली होती. त्यात हेक्झाक्लोरोबेंझिन अशुद्धी म्हणून असे. कागदावर आपली बाजू वाईट नाही. परंतु बंदीची आपली चाल पाहावी. मे २०२०मध्ये केंद्र शासनाने सत्तावीस कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. त्यांत कॅप्टन, थायरम, कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब ही बीजप्रक्रियेत सर्रास वापरली जाणारी बुरशीनाशके होती. उत्पादकांनी हरकती घेतल्या, समित्या बसल्या आणि २०२३मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या औषधांवर. ही सगळी बुरशीनाशके हेक्झाक्लोरोबेंझिनइतकी चिवट आहेत असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे अशास्त्रीय होईल. हरकत घेणाऱ्या कंपनीजवळ प्रयोगशाळा असते, वकील असतात. बियाण्याला उघड्या हाताने औषध चोळणारी बाई त्या समितीपुढे कोणाच्या तोंडून बोलणार, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी रसायनशास्त्राच्या पदवीची गरज नाही. सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांच्या प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या न खपलेल्या पिशव्यांचे हंगाम संपल्यावर काय होते? त्या कंपनीकडे परत जातात, की रंग धुऊन मोंढ्यावर, तेलाच्या घाण्यावर आणि गुरांच्या गव्हाणीत पोचतात? हे तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला लेखी विचारावे. शिल्लक बियाणे परत घेणे कंपनीवर बंधनकारक करावे आणि परत गेलेल्या प्रत्येक पोत्याची नोंद पंचायत समितीत मिळावी, ही मागणी जिल्हा पातळीवर लावून धरावी. ग्रामीण रुग्णालयात विषबाधेची नोंद होते ती रोगी बेशुद्ध होऊन आला तर. वर्षानुवर्षे फवारणी करणाऱ्यांच्या त्वचेचे, यकृताचे, त्यांच्या घरातील बाळंतपणांचे टिपण कोणीच ठेवत नाही. दियारबाकरला काही डॉक्टरांनी तीनशे अठ्ठेचाळीस रोग्यांची नीट टिपणे ठेवली आणि १९६३ साली ती जगापुढे मांडली. आपल्या एका तालुक्यातील दोनशे फवारणी-मजुरांची अशी टिपणे ठेवायला एक डॉक्टर, दोन आशा सेविका आणि एक जाड वही लागेल. वही आम्ही देऊ. डॉक्टर तुम्ही शोधा.